डिप्लोमानंतर थेट दुसरं वर्ष : फाउंडेशन हवंच
भाच्याला डिप्लोमात फर्स्ट क्लास आहे, पुण्यात इंजिनिअरिंग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाणार, तर सुट्टीत फाउंडेशनचा (पाया पक्का करण्याचा) क्लास लावायचा का, असं तुम्ही विचारलंय. इथल्या उत्तरांत काहींनी 'गरज नाही' म्हटलंय. वर्कशॉप, ड्रॉइंग, मशिनवर हात बसणं यापुरतं ते खरं आहे. तिथे बारावीची मुलंच याच्या तोंडाकडे बघतील.

अडतं ते गणितात. बारावीवाल्यांचं पहिल्या वर्षी एम-१, एम-२ (इंजिनिअरिंग मॅथ्सचे पहिले दोन पेपर) झालेलं असतं: पार्शल डिफरन्सिएशन, मल्टिपल इंटिग्रल वगैरे. आपला गडी सरळ एम-३ मध्ये पडतो. तिथे हायर ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स, लाप्लास ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅल्क्युलस. इंटिग्रेशन बाय पार्ट्स झोपेतही जमत नसेल, तर लाप्लासचं पहिलंच उदाहरण अर्धा तास खातं.

त्यात प्रवेशफेऱ्या लांबतात, मुलं उशिरा हजर होतात, तोवर एक-दोन युनिट पुढे गेलेली असतात. (यावर कुणी ओरडत का नाही, देव जाणे.)

महागडा क्लास मात्र नको. एम-२ चं जुनं पुस्तक अप्पा बळवंत चौकातून आणा, रोज दहा गणितं हाताने सोडवायला लावा. व्हिडिओ पाहणं यात धरू नका. आणि कॉलेजचा ब्रिज कोर्स (राहिलेला भाग भरून काढणारा) असेल तर तो बुडवू देऊ नका.