भविष्यवाणी, भाकीत की संदेश? आणि ‘ऐकणे’ म्हणजे नेमके काय?

विश्रामबाग, सांगली
आमच्या मंडळीची (चर्चची) तीन दिवसांची वचनसभा आहे. विषय ठरला ‘भविष्यवाणीकडे लक्ष द्या’. फलकाचा कच्चा नमुना दारात टेकवून ठेवला होता, तर शेजारच्या काकू थांबून म्हणाल्या, “अगं, कुठले ज्योतिषी येणारेत? पत्रिका आणायची का?” हसलो सगळे, पण मला तेव्हापासून चैन नाही. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, जे आहे त्याला भविष्यवाणी म्हणावं, भाकीत म्हणावं की संदेश? आणि ‘लक्ष द्या’ हे फारच मिळमिळीत वाटतं. दुसरं काही सुचतं का?

मिरज, निवृत्त मराठी शिक्षक
ताई, काकूंचं काही चुकलं नाही. ‘भविष्य’ म्हटलं की मराठी माणसाला पेपरातली रास आठवते. जुन्या ख्रिस्ती मराठीत ‘भविष्यवादी’ असा शब्द होता. माझ्या आजीच्या तोंडी ‘यशया भविष्यवादी’च असायचं. आता आपण ‘संदेष्टा’ म्हणतो आणि तेच बरं. मूळ ग्रीक शब्दाचा रोख दुसऱ्याच्या वतीने बोलणाऱ्यावर आहे, पुढचं सांगणं हा त्यातला एक भाग. इब्री (हिब्रू) शब्द ‘नावी’. आमच्या मिरजेत दर्ग्याच्या आसपास ‘नबी’ रोज कानावर पडतं, तो त्याचाच भाऊबंद. बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तर शब्दचर्चाच आहे: आता ज्याला संदेष्टा म्हणतात त्याला पूर्वी द्रष्टा म्हणत. म्हणजे हा वाद तुमच्या फलकापेक्षा बराच जुना.

‘भाकीत’ मला आवडतो, कारण तो ‘भाकणे’चा. करुणा भाकतो ना आपण, तेच क्रियापद. पण हल्ली निवडणुकीचं भाकीत, क्रिकेटचं भाकीत. शब्द पार बाजारात बसलाय.

कवठेमहांकाळ
सर, ‘भाकणूक’ विसरलात! आमच्याकडे धनगरांच्या जत्रेत भाकणूक होते. पट्टणकोडोलीची तर पेपरात छापून येते: मृगाचा पाऊस कसा, धान्याचे भाव काय, राजकारणात काय उलथापालथ. माणसं चिडीचूप ऐकतात. माझे वडील भाकणूक ऐकून घरी आले की पेरणीचं बोलायचे. म्हणजे ऐकलं आणि विसरलं असं नव्हतं. शास्त्राच्या संदेशाला भाकणूक म्हणा असं मी म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याची ती बसण्याची पद्धत घ्यायला हरकत नाही.

गावभाग, सांगली
मी चर्चला जाणारा नाही, पण २०१९ च्या पुरात घरात पाणी घेतलेला माणूस आहे, म्हणून बोलतो. आम्हाला ‘अंदाज’ आणि ‘इशारा’ यांतला फरक पाठ आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका पातळी. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अंदाज खरा ठरला की नाही हे नंतर बघतात. इशारा मिळाला की तांदळाचा डबा माळ्यावर जातो. मी विचारतो, शास्त्रातली ही वचनं अंदाज आहेत की इशारा?

मिरज, निवृत्त मराठी शिक्षक
वा! याचं उत्तर योना संदेष्ट्याच्या पुस्तकात आहे. त्याने निनवेत जाऊन सांगितलं, आणखी ४० दिवस, मग हे शहर उलथून पडेल. (तुमचे ४० फूट आणि त्याचे ४० दिवस हा योगायोग, त्यात अर्थ शोधू नका.) लोकांनी मनावर घेतलं. राजा राखेत बसला, गुराढोरांवरसुद्धा गोणपाट घातलं. शहर वाचलं. आणि योना रुसून बसला! त्याला वाटत होतं आपण भाकीत केलंय. देवाने दिला होता इशारा. भाकीत म्हणून मोजलं तर ते चुकलं, इशारा म्हणून मोजलं तर इतकं यशस्वी दुसरं सापडायचं नाही.

आता ‘लक्ष द्या’बद्दल. मराठीत त्याहून धारदार क्रियापद रोजच्या वापरात आहे: ऐकणे. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणजे ते बहिरं आहे असं नव्हे. इब्री ‘शमा’चंही तसंच, कानाने ऐकणं आणि मानणं एकाच शब्दात.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३६ वा अध्याय काढा. नववा महिना, यहोयाकीम राजा हिवाळ्यासाठी बांधलेल्या महालात बसलाय, समोर शेगडी पेटलेली. यिर्मयाने सांगितलेलं आणि बारूखाने लिहिलेलं पुस्तक यहूदी नावाचा सेवक वाचतोय. तीन-चार रकाने वाचून झाले की लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. पुन्हा वाचन, पुन्हा चाकू. सगळी गुंडाळी संपेपर्यंत. काही सरदारांनी ‘जाळू नका’ म्हणून विनवलं, राजाने त्यांचंही ऐकलं नाही. आता बघा, कानाने त्याने सारं ऐकलं, बहुधा आपल्या सभेतल्या कुणाहीपेक्षा सावकाश. तरी ‘ऐकलं नाही’ हेच मराठी वाक्य बरोबर. बारूखाने मग सगळं पुन्हा लिहिलं, आणि त्यात भर घातली.

कुपवाड
पण सर, ‘ऐका’ म्हटलं की लोक कुणाचंही ऐकतात. दरवर्षी कोणी ना कोणी जगाच्या अंताची तारीख घेऊन येतो. आमच्या नात्यातल्या एकाने असल्या तारखेपायी गाय विकली. तारीख आली, गेली, दूध विकतच चालू आहे.

विश्रामबाग, सांगली
दादा, म्हणूनच थेस्सलनीकेच्या पहिल्या पत्रात संदेशांचा धिक्कार करू नका म्हटल्याबरोबर पुढच्याच वचनात सर्व गोष्टींची पारख करा असंही आहे. आणि प्रेषितांच्या कृत्यांत अगब नावाचा संदेष्टा दुष्काळ पडणार म्हणून सांगतो, तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी तारीख विचारल्याचं कुठे येत नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काढलं आणि यहूदीयातल्या भावांना पाठवून दिलं. ते तांदळाच्या डब्यासारखंच झालं की.

पाळकांशी बोलले. त्यांना संदेशाला काळोखातला दिवा म्हणणारं पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं वचन फलकावर हवंच आहे, आणि तिथे ‘लक्ष द्यावे’ असंच आहे, म्हणून तो शब्द त्यांना सोडवेना. शेवटी वर मोठ्या अक्षरात ‘संदेष्ट्यांचे ऐका’ आणि खाली बारीक ते वचन, असं ठरलं.

विश्रामबाग, सांगली (दुसऱ्या दिवशी)
फ्लेक्सवाल्याच्या फाँटमध्ये ‘ष्ट्यां’ फुटतंय. ‘ष्’ एकीकडे, ‘टयां’ दुसरीकडे. तो म्हणतो, “ताई, भविष्यवाणी बरोबर येतंय, तेच ठेवू का?” हाताने रंगवणारा कुणी पेंटर माहीत असेल तर सांगा, शुक्रवारपर्यंत हवाय.