इन्सिडेंट रजिस्टर (अपघात-चुका लिहायची वही) कोरं, पण घोळ रोजचे. काय करावं?

नाईट_ड्युटी: आमच्या केअर होममध्ये रजिस्टर कोरंच असतं, मॅनेजर खूश, पण आजी-आजोबा बाथरूममध्ये घसरतायत, चुकीची गोळी देता देता राहते हे सगळ्यांना माहितीय. लोकांना बोलतं कसं करायचं?

साधी_सिस्टर: कोरं रजिस्टर म्हणजे भीती, सेफ्टी नाही. आधी 'कोणी केलं' विचारलं की संपलं, 'कसं झालं' विचारा. थोडक्यात टळलेले प्रसंगही लिहा, नासा विमानवाल्यांकडून १९७६ पासून असे गोपनीय रिपोर्ट घेतंय.

शंकासुर: म्हणजे कोणालाच जबाबदार धरायचं नाही का??

साधी_सिस्टर: तसं नाही ओ, मुद्दाम नियम डावलला तर कारवाई हवीच. पण दोन गोळ्यांची पाकिटं सेम दिसत असतील तर माणसाला झापून काय होणार, वेगळ्या कप्प्यात ठेवा ना.

फ्लोअर_इनचार्ज: आणि रिपोर्टवर पुढे काय केलं ते हँडओव्हरला (शिफ्ट बदलताना) सांगा, नाहीतर परत सगळे गप्प.