अमर पात्रं कायम श्रीमंतच का? मला नाही पटत

शाईचा डाग:
गोष्टीत कुणी अमर निघालं की त्याच्याकडे हमखास वाडा, जुनी वाइन, भिंतीवर ओरिजिनल चित्रं. पैसा आला कुठून विचारलं तर "हजार वर्षं होती ना हाताशी". अरे पण कमवायला जेवढा वेळ तेवढाच बुडायला पण! चक्रवाढ व्याजाचं गणित करून बघा एकदा, १ ग्रॅम सोनं वर्षाला ३ टक्क्यांनी हजार वर्षं वाढत राहिलं तर आजवर जगात खाणीतून निघालेल्या सगळ्या सोन्याच्या तीसेक पट होतं. म्हणजे असं कधीच कुणाचं झालेलं नाही, मधे कुणीतरी बुडवतंच. १३४० च्या दशकात फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुझ्झी या बलाढ्य पेढ्या बसल्या, इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने थकवलेलं कर्ज हे त्यातलं एक कारण. १९१८ ला रशियाने झारच्या काळातली कर्जं एका फटक्यात रद्द केली. १९२३ ला जर्मनीत आयुष्यभराच्या बचतीत पाव येईना. मी एका अमर बाईची कथा लिहितोय, तिला आत्तापर्यंत तीनदा कंगाल केलंय. आणि अश्वत्थामा विसरलात का, चिरंजीव माणूस, तेल मागत फिरतोय!

खातेवही:
अश्वत्थाम्याला शाप होता हो, गुंतवणूक चुकली नव्हती त्याची 😀
तुमचा हिशोब एका बाजूचा आहे. साठीत बुडालेला माणूस संपतो, तुमची बाई नाही संपत. ती परत उभी राहणार, परत बुडणार, परत उभी. तिला शंभरातलं एकच शतक चांगलं मिळालं तरी पुरे आहे. शिवाय म्हातारपणाची सोय नको, आजारपण नाही, घाई तर नाहीच नाही, आणि माणसाचा निम्मा पैसा घाईतच जातो. बेंजामिन फ्रँकलिन १७९० मध्ये वारले तेव्हा बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला हजार हजार पौंड ठेवून गेले, २०० वर्षं हा पैसा होतकरू कारागिरांना व्याजाने द्यायचा अशी अट. १९९० ला बॉस्टनच्या फंडात साधारण ५० लाख डॉलर होते. ते सुद्धा मालक हयात नसताना.

शाईचा डाग:
आणि फिलाडेल्फियाच्या? वीस लाखांच्या आसपास. रक्कम तीच, अटी त्याच, निम्म्याहून कमी. नुसता वेळ काही करत नाही हेच तर म्हणतोय मी.

रातकिडा:
तुम्ही दोघं व्याजावर भांडताय आणि खरी अडचण बँकेच्या काउंटरवर आहे. जन्मतारीख काय सांगणार? पूर्वी गाव बदललं, नाव बदललं, मीच माझा पुतण्या म्हटलं की झालं. आता बोटाचे ठसे, फोटो, केवायसी. दर ५०-६० वर्षांनी स्वतःच स्वतःचा वारस व्हायचं, म्हणजे आधी रीतसर मरायचं, खोटा मृत्यूचा दाखला, खोटा जन्माचा दाखला, जिथे वारसा कर आहे तिथे तोही भरायचा, आणि हे सगळं करून देणारा एक वकील पाळायचा जो स्वतः मरतो आणि ज्याच्या मुलाला सगळं ठाऊक असतं. ब्लॅकमेलवर कुणी का लिहीत नाही? अमर माणसाचा सगळ्यात मोठा खर्च तोच असणार.

पितळी डबा:
+१. आणि पुरून ठेवलेली नाणी विकणं सोपं वाटतं का? डोळ्यासमोर आणा. डबा उघडला, चांदी काळी पडलेली, दोन नाणी एकमेकांना चिकटलेली. अंगठ्याने घासल्यावर राजाचं अर्धं नाक दिसतं, आणि हा राजा हिने प्रत्यक्ष पाहिलेला. दुकानदार भिंग लावून बघतो आणि विचारतो, कुठून आणलंत? एक नाणं असेल तर आजीचं म्हणून खपतं. चाळीस असतील तर? ब्रिटनमध्ये १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट आहे, असा साठा सापडला की १४ दिवसांत कळवायचं. मूळ मालकाचा हक्क वरचढ असतो, पण मूळ मालक मीच हे ही बाई सिद्ध कशी करणार?
बाकी माल साठवणं तर विसराच. कुणी नीळ साठवून बसला असता तर १८९७ ला कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि पुढच्या थोड्याच वर्षांत गोदाम मातीमोल. अमर असून काय उपयोग, केमिस्ट्री थांबते का?

खातेवही:
मग संस्था काढायची! मालकी कागदावर संस्थेची, आपण तिथे फक्त माळी नाहीतर कारकून. याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने १५२१ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला गरिबांसाठी घरं बांधली, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडले, परत बांधली, आजही माणसं राहतात आणि वर्षाचं मूळ भाडं ८८ सेंट. खर्च बराचसा संस्थेच्या जंगलांतून निघतो. झाडं लावा आणि १०० वर्षं थांबा, हा धंदा अमर माणसाशिवाय कुणाला परवडतो?

शाईचा डाग:
जंगल आवडलं, ढापणार 🙂 पण संस्था तरी सुरक्षित कुठे? टेम्पलर सरदारांची, म्हणजे धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांची, केवढी मोठी संघटना, १३०७ ला फ्रान्सच्या राजाने धरपकड केली, १३१२ ला बरखास्त. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये इंग्लंडचे मठ गिळले. संस्था मोठी झाली की राजाची नजर गेलीच, छोटी ठेवली तर तुमची बाई श्रीमंत कुठली?

रातकिडा:
यावर एक खरा नमुना आहे. १६४८ ला नेदरलँड्समध्ये नदीचे बंधारे सांभाळणाऱ्या मंडळाने बकरीच्या कातड्यावर लिहिलेला हजार गिल्डरचा (तिथलं जुनं चलन) कर्जरोखा काढला, मुदत नाही, व्याज कायम. तो अजून चालू आहे! येल विद्यापीठाने २००३ मध्ये विकत घेतला आणि २०१५ ला जाऊन १२ वर्षांचं थकलेलं व्याज वसूल केलं. किती? १३६ युरो.

शाईचा डाग:
बघा. साडेतीनशे वर्षं टिकला आणि वर्षाला अकरा युरो.

खातेवही:
कारण व्याज दरवर्षी कुणीतरी खाल्लं! ते परत गुंतवलं असतं तर...

पितळी डबा:
...तर परत पहिल्या पोस्टमधलं तीस जगांचं सोनं. डाग, बाईला चौथ्यांदा कंगाल करताय का ते सांगा आधी.

शाईचा डाग:
नाही. जंगल देतोय. वणवा कितव्या प्रकरणात लावायचा ते बघतो.