थिबा राजवाडा: थिबाचा की रत्नागिरीचा?

भाट्ये_खाडी
परवा भाचरांना घेऊन थिबा राजवाड्यात गेले होते. वरच्या मजल्यावर लाकडी कमानीखाली उभं राहून समुद्राकडे बघत धाकटा म्हणाला, "राजा इथूनच राज्य करायचा का गं?" माझ्या पोटात कालवलं. वाडा पाहून झाला होता आणि त्याला हा माणूस कैदी होता हेच कळलं नव्हतं!

1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतली. पुढच्या वर्षी तिथला राजा थिबा याला राणी आणि लहान मुलींसकट रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा तयार झाला 1910 मध्ये, म्हणजे चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांतच होता. इथे जेमतेम सहा वर्षं राहिला आणि 1916 मध्ये वारला, तोही नजरकैदेतच.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. या वास्तूत फक्त थिबाची गोष्ट असावी. खालच्या मजल्यावर मांडलेली कोकणातली दगडी शिल्पं मोलाची आहेत, पण त्यांना दुसरी जागा द्या.

जांभा_चिरा
अजिबात पटलं नाही. हे प्रादेशिक वस्तुसंग्रहालय आहे. आमच्या गावाकडच्या पोरांनी जुनी मूर्ती जवळून बघायची तर मुंबई गाठायची का? "दुसरी जागा द्या" म्हणणं सोपं असतं. ती मिळेपर्यंत मूर्ती गोदामात पडून राहतात.

आणि थिबाबद्दल एवढं हळवं व्हायचं कारण काय? 1879 मध्ये, गादीवर आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, त्याच्या दरबाराने ऐंशीच्या आसपास भाऊबंद मारले. लहान मुलंसुद्धा सोडली नाहीत. तेही लिहिणार का फलकावर?

भाट्ये_खाडी
लिहायलाच हवं, आणि मोठ्या अक्षरांत. त्या कत्तलीमागे राणी सुपयालातच्या आईचा हात होता असं मानतात, पण राजा म्हणून जबाबदारी त्याचीच. मला त्याची आरती करायची नाहीये. पोरांना खरं कळावं एवढंच.

सागवान
दोघंही एक गोष्ट विसरताय. युद्धाचं निमित्त सागवान होतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईची कंपनी. ओंडके कमी दाखवून महसूल बुडवला म्हणून ब्रह्मी दरबाराने तिला सुमारे 23 लाखांचा दंड ठोकला. इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला, मग युद्ध पुकारलं आणि दोन आठवड्यांत राज्य संपलं. फ्रेंचांशी थिबाची चाललेली जवळीक त्यांना खुपत होतीच. त्यामुळे "आपला इतिहास" आणि "त्याचा इतिहास" अशी भिंत घालूच नका. वाड्यातल्या सागवानी कामावरून हात फिरवताना मला दर वेळी तो दंड आठवतो.

आजोळ_रत्नागिरी
थोरल्या राजकन्येला इथल्याच एका रखवालदारापासून मुलगी झाली. 1919 मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, पण राजकन्या लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीत आली आणि इथेच वारली. ती लेक इथेच संसाराला लागली, मराठीच बोलली, 2000 साली गेली. आयुष्य गरिबीत काढलं. ती ब्रह्मी की रत्नागिरीकर? मला तरी तिची एक खोली त्या वाड्यात हवी आहे.

जांभा_चिरा
हे मात्र मनाला लागलं. तिच्यासाठी खोली द्या, मी आडवा येणार नाही.

भाट्ये_खाडी
आपल्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेलं. तो 1862 मध्ये तिथेच वारला. त्याच्या कबरीवर आपली माणसं आवर्जून जातात. तसेच म्यानमारचे अध्यक्ष 2012 च्या डिसेंबरात रत्नागिरीत थिबाच्या समाधीवर आले होते. त्या लोकांना आपण वाड्यात काय दाखवणार, हा विचार करा.

जांभा_चिरा
वरचा मजला पूर्ण थिबाला, राणीला आणि लेकींना द्या, ऐंशी खुनांसकट. खालच्या शिल्पांना हात लावायचा नाही. नवी इमारत उभी राहिली, छप्पर गळत नाही हे एका पावसाळ्यात बघून झालं, की मग मूर्ती हलवण्याचं बोलू.