शब्दचर्चा: ‘स्नायुविघटन’ला बोलीतला शब्द हवा आहे

पळसफूल: आशाताईंसाठी उष्माघाताचं माहितीपत्रक मराठीत करतेय. ‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस’पाशी अडले. ‘स्नायुविघटन’ लिहून वाचून दाखवलं, तर एक ताई म्हणाल्या, “म्हंजे आंग झडते थे काय जी?” नेमकं तेच नाही! अंग झडायला महिने लागतात. इथे तासा-दिवसांत स्नायूंच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. सुचवा.

वर्धाकाठ: ‘स्नायू फुटणे’. सरळ आहे, कळतं.

जुना मास्तर: आधी ‘स्नायू’च तपासा. सुश्रुताने आपल्या संहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० आणि स्नायू ९०० असे वेगळे मोजलेत. पेशी म्हणजे मांसाचा भाग, स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा दोर. मराठीने दोन्हींचे अर्थ हलवले. ‘मांसपेशी’ हाच शुद्ध शब्द.

वर्धाकाठ: मास्तर, डेंग्यूच्या दिवसांत कोणत्याही गावात ‘पेशी कमी झाल्या’ म्हणा, लोक प्लेटलेटच समजतात. तो शब्द आता परत मिळायचा नाही.

जुना मास्तर: चुकीचा वापर लाखांनी केला म्हणून बरोबर होत नाही.

रातपाळी: मी नर्स आहे. मला खरी भीती ‘उन्हाळी’ (लघवीचा त्रास) या शब्दाची वाटते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून आलेला एक माणूस आमच्याकडे आणला. पायांत वांब, मांड्या दगडासारख्या, लघवी काळ्या चहासारखी. घरच्यांनी दोन दिवस धन्याचं पाणी पाजलं, कारण ‘उनाई लागली’, म्हणजे उन्हाळी. उन्हाळीत जळजळतं, थेंबथेंब होते. याची लघवी रंगाने गडद होती. लघवी तपासायच्या पट्टीवर रक्त दाखवलं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत. सीपीके (स्नायू फुटले की रक्तात वाढणारं विकर) शे-दोनशेच्या आसपास असावं, त्याचं हजारांत. भरपूर सलाईन दिलं, वाचला.

आणि फक्त ऊनच नाही हो. आग्या मोहोळ उठून शेकडो डंख बसले, विजेचा जोराचा झटका, थांबतच नाही अशी मिरगी, दारूच्या नशेत रात्रभर एकाच कुशीवर पडून राहणं, क्वचित कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा. पत्रकात हे सगळं घ्या.

वर्धाकाठ: मग ‘स्नायू ठेचणे’ कसं? आपण म्हणतोच, अंग ठेचून निघालं.

रातपाळी: ठेचणं हे एकच कारण झालं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांची मूत्रपिंडं बंद पडताना बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी नोंदवलं, ते ठेचण्यातूनच. पण तेंदूवाल्याला कोणी ठेचलं होतं?

पळसफूल: ताई, ‘उनाई’ असंच छापू का? पुस्तकी ‘उन्हाळी’ वाचून त्यांना स्वतःचा शब्द वाटेल का?

जुना मास्तर: छापू नका. वऱ्हाडीत ळचा य होतोच, काळीची कायी होते. म्हणून छापताना कायी लिहायची का?

वर्धाकाठ: ज्यांच्यासाठी पत्रक आहे त्या तसंच बोलतात. लिहायलाच हवं!

पळसफूल: ‘लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच दवाखाना’ हे ठळक टाकलंय. मथळा अजून कोरा आहे.

धानपट्टा: मधेच विचारतो. आमच्या वैनगंगेकडे पायांत ‘गोळे’ येतात. वांब म्हणजे वामच ना, तो लांबट मासा? मला वाटतं, हातात धरला की तो जसा पिळवटतो, त्यावरूनच हे नाव आलं असावं.

जुना मास्तर: मासा आणि वांब यांचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही. पण थांबा, मोल्सवर्थचा शब्दकोश काढतो.