हेडफोनचा ड्रायव्हर गेला म्हणायची घाई नको
दादा, सेनहायझर एचडी ४१४ हेडफोनचा डावा कान बंद पडला म्हणजे ड्रायव्हरच (आतला छोटा स्पीकर) गेला, असं तुम्ही लिहिलंत. थोडं थांबा. आधी ड्रायव्हरला मल्टिमीटर लावून रोध मोजा. १९६८ ला आलेलं हे मॉडेल २००० ओहमचं; आकडा त्याच्या आसपास, जरासा कमी आला तरी ड्रायव्हर ठणठणीत; मग दोष वायरीत शोधा.

माझी वायर लातूरच्या घरात उंदरानं कुरतडली होती, अगदी जॅकपाशी. आतली तार केसासारखी, वर इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लाखेसारखा थर. सोल्डरचा डाग काही केल्या धरेना! शेवटी काडी ओढून टोक जाळलं, काजळी पुसली, तेव्हा कुठं तो चिकटला. हां, काडी विझू नये म्हणून पंखा बंद ठेवा. मे महिन्यात घामाघूम व्हाल, पण इलाज नाही. कानावरचा पिवळा फोम मात्र भुगा झालेला, तो नवा कापून बसवला. रंग जुळला नाहीच.