बेशुद्ध आरटीए (रस्ता अपघात) पेशंट आला की आधी आयव्ही (शिरेत सुई) की एअरवे (श्वासमार्ग)?

जीएनएम_तिसरं_वर्ष:
कॅज्युअल्टीत पोस्टिंग चालू आहे. काल रात्री १०८ मधून बाइकवरून पडलेला पेशंट आला, पूर्ण बेशुद्ध, तोंडात रक्त, श्वासाला घरघर, आणि सगळे एकदम व्हेन शोधायला लागले, डोक्याशी कोणीच नाही. एबीसीडीई (एअरवे, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध, कपडे काढून तपासणी हा क्रम) पाठ आहे हो, पण मान हलवायची नाही तर एअरवे उघडायचा कसा?

रात्रपाळी_सिस्टर:
डोक्याशी एक माणूस पहिला, बाकी नंतर. घरघर म्हणजे जीभ मागे पडलीय नाहीतर घशात रक्त आहे. डोकं मागे करायचं नाही, जॉ थ्रस्ट द्यायचा, दोन्हीकडून जबड्याच्या कोनामागे बोटं लावून जबडा पुढे ढकलायचा, दुसऱ्याने मान सरळ धरायची. दिसतंय तेवढंच सक्शन कर, म्हणजे मशीनच्या नळीने ओढून घे. गॅग (घशाला लागलं की येणारी उबळ) नसेल तर तोंडातून एअरवे, म्हणजे जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी, मग रिझर्व्हॉयर बॅगचा ऑक्सिजन मास्क मिनिटाला १५ लिटरवर. जीसीएस (शुद्धीचा ३ ते १५ स्कोअर) ८ किंवा कमी असेल तर डॉक्टर श्वासनलिकेत ट्यूब टाकणार हे धरूनच लॅरिंगोस्कोप (घसा बघायचं साधन), ट्यूब, अँबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) काढून ठेव. हात जास्त असतील तर त्याच वेळी दोन जाड कॅन्युला (शिरेतल्या सुया) लावा ना, १६ नाहीतर १८ नंबर, क्रॉसमॅचचं (रक्त जुळवायच्या तपासणीचं) ब्लडही तिथेच काढा. फक्त धो धो रक्त वाहत असेल तर ते दाबून धरणं सगळ्यात आधी.

ट्रॉमा_आयसीयू:
सिस्टरांनी बरोबर सांगितलंय. माझं एवढंच की डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय किंवा नाका-कानातून रक्त, पाणी येतंय तर कवटीचा तळ फुटलेला असू शकतो, नाकातून काही घालू नका, राइल्स ट्यूबसुद्धा (पोटात जाणारी नळी) तोंडातून. आणि शुगर बघाच! दारूचा वास आला की "प्यायलाय, उतरेल" म्हणून बाजूला ठेवतात त्याचा मला फार राग येतो, त्याच्या डोक्यात रक्तस्राव असू शकतो.

जीएनएम_तिसरं_वर्ष:
आणि उलटी झाली तर?

रात्रपाळी_सिस्टर:
लॉग रोल, म्हणजे मान-पाठ सरळ ठेवून ओंडक्यासारखं एकदम वळवणं. डोकं धरलेला आकडे मोजतो आणि त्याच्याच शब्दावर सगळे मिळून कुशीवर वळवतात, कमीत कमी चार जण लागतात, मामांना (वॉर्डबॉयना) आधीच बोलावून ठेव. सक्शन चालूच. कपडे कापून बघितलं की लगेच ब्लँकेट घाल, गारठला की रक्त गोठत नाही. जीसीएस लिहिताना नुसतं ७ नको, ई (डोळे), व्ही (बोलणं), एम (हालचाल) वेगळं लिही, बाजूला प्युपिल (डोळ्याची बाहुली) आणि वेळ, म्हणजे एम ५ वरून ३ वर आला तर न्यूरोसर्जनला फोनवर सांगता येतं.